नवशिक्याच्या एअर रायफलसाठी पेलेट निवडताना: क्लॅम्प चाचणीच्या नोंदी, ठाणे

1 जून 2025, रविवार

माझी मुलगी ठाण्यातील ज्या क्लबमध्ये दहा मीटर एअर रायफल शिकते, तेथे नव्याने आलेल्या प्रत्येक पालकाला पहिल्या महिन्यातच एक प्रश्न पडतो: पेलेट (रायफलीत भरायची शिशाची छोटी गोळी) कोणते घ्यावे? त्याची उत्तरे बहुधा विचारणाऱ्याच्या खिशाकडे पाहून दिली जातात. कोणी आरडब्ल्यूएसचे आर10 सांगतो, कोणी एच अँड एनचे फिनाले मॅच सांगतो, आणि हात बसेपर्यंत स्वस्तातले काहीही चालेल असे म्हणणारेही भेटतात. अमेरिकेत स्वतः काडतुसे भरू पाहणारा नवशिका डायचा (काडतुसाला आकार देणाऱ्या साच्यांचा) कोणता संच घ्यावा इथे अडतो, पण पुढे त्याच्या हातात बंदुकीच्या दारूचे वजन, गोळीची खोली, काडतुसाच्या नळकांड्याच्या तोंडाची पकड अशा बऱ्याच गोष्टी राहतात. आपल्याकडे 4.5 मिमीपर्यंतच्या नळीच्या आणि 20 जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या रायफलीला शस्त्र नियम 2016 प्रमाणे परवाना लागत नाही, म्हणून बहुतेकांची सुरुवात तिच्यापासून होते. या रायफलीत हवेचा दाब रेग्युलेटर ठरवतो आणि नळी कारखान्यात ठरून आलेली असते. नेमबाजाला निवडता येण्याजोगी वस्तू एकच उरते, ती म्हणजे पेलेट.

मी बरीच वर्षे टूलरूममध्ये काम केले आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मतांवर न सोडता रायफल क्लॅम्पमध्ये आवळून, माणूस बाजूला ठेवून शोधावे असे ठरवले. क्लबची एक जुनी, जर्मन बनावटीची, हवेच्या सिलिंडरवर चालणारी रायफल कोच सरांनी या कामासाठी रविवारी दुपारी वापरू देण्याचे मान्य केले आहे. अट एकच, की रायफल जशी मिळाली तशी परत जायला हवी.

नोंदींमध्ये पेलेट्सची नावे न लिहिता अ, ब, क, ड अशी अक्षरे वापरणार आहे. मिळणारा निकाल या एका नळीचा आणि त्या त्या डब्याच्या लॉटचा, म्हणजे कारखान्यात एका खेपेत बनलेल्या मालाचा, असेल. नावे लिहिली तर वाचणारा चाचणी सोडून नावच उचलेल आणि दुकानात जाईल.

4 जून, बुधवार

लोखंड आणण्यापूर्वी हिशेब मांडला, कारण किती अचूकता पाहिजे हे ठाऊक नसताना क्लॅम्प बनवण्यात अर्थ नाही.

एअर रायफलच्या कागदी लक्ष्यावर दहाचा ठिपका 0.5 मिमी व्यासाचा, नवाचे वर्तुळ 5.5 मिमीचे आणि काळा भाग 30.5 मिमीचा असतो. छिद्राची कड ठिपक्याला टेकली तरी दहा मिळतात, त्यामुळे पेलेटचे केंद्र लक्ष्याच्या मध्यापासून 2.5 मिमीच्या आत असले की दहा झाले. दशांश गुणांत दर 0.25 मिमीला एक दशांश धरतात आणि 10.9 साठी केंद्र 0.25 मिमीच्या आत पडावे लागते. 2022 साली कैरोमध्ये या प्रकारात जगज्जेता झालेला रुद्रांक्ष पाटील ठाण्याचा असल्याने आमच्याकडच्या मुलांच्या तोंडी 630 च्या पुढचेच आकडे असतात. साठ फैरींत 630 म्हणजे सरासरी 10.5, आणि मध्यापासूनचे अंतर सव्वा मिमीच्या आसपास. आमच्या नवशिक्या गटातील मुले 580 च्या आगेमागे आहेत. त्यांची सरासरी 9.67 येते, म्हणजे त्यांचे पेलेट मध्यापासून सरासरी 3.3 मिमी लांब पडते.

आता या 3.3 मध्ये पेलेटचा वाटा किती? माणसाची चूक आणि पेलेटची चूक एकमेकींवर अवलंबून नसल्यामुळे त्यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते. चांगले पेलेट क्लॅम्पमधून सरासरी 0.5 मिमी विखुरत असेल, तर 3.3 चे जेमतेम 3.34 होतात आणि साठ फैरींत साधारण एक गुण जातो. वाईट पेलेट 1.5 मिमी विखुरत असेल, तर 3.3 चे 3.62 होतात आणि साठ फैरींत साडेसात-आठ गुण जातात. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून चाचणीचे उद्दिष्ट बदलले. सर्वोत्तम पेलेट शोधण्याची हौस नवशिक्याला परवडली तरी तिचा उपयोग एका गुणाचा आहे; वाईट पेलेट ओळखून बाजूला काढणे मात्र आठ गुणांचे काम आहे. शिवाय गुणांपेक्षाही मोठे नुकसान असे, की दोष पेलेटचा असताना मूल आपला श्वास आणि ट्रिगर दुरुस्त करत बसते.

8 जून, रविवार

वागळे इस्टेटमधील भंगारवाल्याकडून 100 मिमीचा एमएस (साध्या पोलादाचा) चॅनल आणि 12 मिमी जाडीची प्लेट घेतली. दोन्ही मिळून 1,150 रुपये. शेजारच्या वर्कशॉपमध्ये चॅनलला चार पाय वेल्ड करून घेतले आणि भोके पाडून घेतली, त्याचे 900 रुपये झाले. वेल्डिंगच्या उष्णतेने चॅनल किंचित पिळला होता, त्यामुळे वरची प्लेट घट्ट आवळली की तिचा एक कोपरा उचलला जाई. तेथे पातळ पत्र्याच्या शिम घातल्या. मिलिंग करून घेतले असते तर पृष्ठभाग एकदाच सपाट झाला असता, पण प्लेट चॅनलवर डोलत नाही एवढेच येथे महत्त्वाचे होते.

रायफल धरण्यासाठी दोन ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचे लाकडी ठोकळे केले आणि त्यांना नमद्याचे अस्तर लावले, म्हणजे स्टॉकला (रायफलीच्या दस्त्याला) ओरखडा येणार नाही. हा बेत कागदावर सभ्य दिसत होता.

15 जून, रविवार

पहिली फैर झाली आणि लाकडी ठोकळ्यांचा निकाल पहिल्याच कार्डावर लागला. ब या पेलेटच्या दहा फैरी जवळजवळ सात मिमी उंचीच्या उभ्या रेषेत पडल्या. एवढा तर आमच्या सरांचा हातातून मारलेला ग्रुपही (एका कार्डावरील छिद्रांचा पुंजका) पसरत नाही. कारण शोधायला वेळ लागला नाही. पेलेट भरण्यासाठी लिव्हर उघडताना रायफल पुढच्या नमद्यात थोडी दबत होती आणि लिव्हर मिटल्यावर पूर्ण वर येत नव्हती. नमदा प्रत्येक वेळी वेगळ्या उंचीवर थांबत होता.

दुसरी अडचण जमिनीची निघाली. ही रेंज पहिल्या मजल्यावर आहे आणि खालच्या रस्त्यावरून जड ट्रक गेला की टेबलावरील पाण्याच्या बाटलीत तरंग उठतात. चॅनलचे पाय नुसते लादीवर ठेवून भागणार नाही. सोसायटीच्या कमिटीपुढे विषय न नेता, नेमबाजांच्या उभे राहण्याच्या जागेमागे काँक्रीटचा जो उंच ओटा आहे त्यावर अँकर बोल्ट मारण्याची परवानगी क्लबकडून मिळाली. ओट्यामुळे अंतर दहा मीटरपेक्षा थोडे वाढणार होते, म्हणून लक्ष्याची चौकट तेवढीच पुढे आणली. बोल्ट, वॉशर आणि ड्रिलचे बिट मिळून 260 रुपये.

22 जून, रविवार

स्टॉक धरण्याचा विचार सोडून दिला. स्टॉक कितीही आवळला तरी तो दबतो, आणि आपल्याला स्टॉकची परीक्षा घ्यायचीच नाही. या रायफलीत ट्रिगर ॲक्शनलाच (नळी धरणाऱ्या, पेलेट भरण्याच्या यंत्रणेलाच) जोडलेला आहे, त्यामुळे स्टॉक काढला तरी ती चालवता येते. कोच सरांच्या समक्ष स्टॉक उतरवला, त्याचे बोल्ट कोणत्या भोकातून आले ते खुणा करून पिशवीत ठेवले, आणि स्टॉकच्या जागी ॲक्शन बसेल असा ठोकळा नायलॉनमध्ये करून घेतला. नायलॉन निवडले ते ॲक्शनला इजा होऊ नये आणि खर्च कमी यावा म्हणून. 450 रुपयांत ठोकळा झाला.

पहिल्या वीस फैरी पाहून मन प्रसन्न झाले. पुढच्या वीस फैरी डावीकडे खाली सरकत गेल्या. ग्रुप लहानच होता, परंतु तो जागेवर राहीना.

येथे डायल गेज (सूक्ष्म सरक काट्यावर दाखवणारे उपकरण) कामाला आले. ते ओट्याला चुंबकी स्टँडवर लावून त्याचे टोक नळीला, क्लॅम्पपासून साधारण अर्ध्या मीटरवर टेकवले. या मापात काट्याचा एक भाग, म्हणजे 0.01 मिमी सरकला, तर दहा मीटरवर मार 0.2 मिमी सरकतो. काटा अर्ध्या तासात सहा भाग सरकला. नेम लावलेला नसताना, कोणी हात लावलेला नसताना. सव्वा मिमीची सरक ज्या क्लॅम्पमध्ये आपोआप होते, त्यात पेलेट्सची तुलना कसली करणार?

ठोकळा घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो तेव्हा तेथील काकांनी तो हातात घेऊन नखाने दाबून पाहिला आणि म्हणाले, "साहेब, पावसाळ्यात नायलॉन पाणी पितं. आज केलेलं माप उद्याचं नसतं." त्याशिवाय बोल्टच्या दाबाखाली नायलॉन हळूहळू बसतही जाते, म्हणजे घट्ट केलेला बोल्ट तासाभराने तितका घट्ट राहत नाही. मुंबईच्या जूनमध्ये दोन्ही गोष्टी एकदम घडल्या.

29 जून, रविवार

ॲल्युमिनियमचा ठोकळा, मिलिंगसह जॉबवर्कचे 2,400 रुपये. ॲक्शन ज्या जागी टेकते तेथे फक्त पातळ कागदाची घडी ठेवली. बोल्ट टॉर्क पान्याने प्रत्येक वेळी सारखेच आवळले. नळीला कुठेही आधार दिला नाही. तिला मोकळे सोडले नाही तर फैरीच्या वेळची तिची थरथर बदलते आणि मग क्लॅम्पमधील निकाल स्टॉकमधील रायफलीला लागू पडत नाही.

डायल गेजचा काटा दुपारभर एका भागाच्या आत राहिला. लिव्हर उघडून मिटल्यावर तो हलतो आणि परत जागेवर येतो. परत न आल्यास ती फैर धरायची नाही, असा नियम केला.

6 जुलै, रविवार

आषाढी एकादशी असल्याने रेंज जवळजवळ रिकामी होती आणि लेन अडवल्याबद्दल कोणाची कुरकुर ऐकावी लागली नाही.

ओळखीच्या एका नेमबाजाकडून वेगमापक आणला. या रायफलीतून 0.53 ग्रॅमचे पेलेट सेकंदाला सरासरी 171 मीटरने सुटते, म्हणजे ऊर्जा पावणेआठ जूलच्या आसपास. सलग फैरींत वेग दोन मीटरच्या आत राहतो. पण रायफल वीस मिनिटे नुसती ठेवली की पहिली फैर चार-पाच मीटर जास्त वेगाने जाते, कारण बंद असताना रेग्युलेटरच्या पुढील कोठीत दाब किंचित चढत राहतो.

याचा लक्ष्यावर परिणाम काढणे सोपे आहे. पेलेटला दहा मीटर कापायला सेकंदाचे सहा शतांश लागतात आणि तेवढ्या वेळात ते गुरुत्वाने 17-18 मिमी खाली येते. वेग एक टक्क्याने बदलला तर हे खाली येणे दोन टक्क्यांनी, म्हणजे 0.35 मिमीने बदलते. पाच मीटरच्या फरकाने पेलेट एक मिमी वर लागते. जूनमधील कार्डांवर अधूनमधून दिसणारे एकटे वरचे छिद्र हेच असणार. येथून पुढे प्रत्येक विश्रांतीनंतर पहिल्या तीन फैरी वेगळ्या कार्डावर मारून सोडून द्यायच्या, आणि सिलिंडर 180 बारच्या वर किंवा 100 बारच्या खाली असताना नोंद घ्यायची नाही. पेलेट बदलल्यावर आधीच्या पेलेटच्या शिशाचा थर नळीतून जाऊन नवा बसेपर्यंत पंधरा फैरी मोजायच्या नाहीत, हेही ठरवले. पेलेट वाया जातात, पण इलाज नाही.

13 जुलै, रविवार

चारही पेलेट्सची चाचणी. मापण्याची पद्धत अशी: दहा फैरी एका कार्डावर, मग फाटलेल्या छिद्राच्या सर्वांत दूरच्या दोन कडांमधील अंतर व्हर्नियरने घेऊन त्यातून एका पेलेटच्या छिद्राचा व्यास वजा करायचा, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंतचा पसारा मिळतो. हा व्यास पुस्तकी 4.5 धरून चालत नाही. पावसाळ्यात ओलसर झालेला कागद स्वच्छ कापला न जाता फाटतो, आणि कपाटात उघड्यावर राहिलेल्या कार्डावर छिद्राची कड कुठे संपते हेच कळेना. सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद पिशवीत दोन दिवस ठेवलेली कार्डे वापरल्यावर कड नीट दिसू लागली. प्रत्येक गठ्ठ्यातील एका कार्डावर एकच फैर मारून तिचे छिद्र मोजले आणि तो आकडा त्या गठ्ठ्यासाठी वापरला.

प्रत्येक पेलेटचे पाच-पाच ग्रुप घेतले, तेही आलटून पालटून: अ, ब, क, ड, मग ड, क, ब, अ. एकाच पेलेटचे सगळे ग्रुप सलग मारले तर दुपारची उष्णता किंवा दाबातील बदल कोणा एकाच्याच वाट्याला येतो.

सरासरी पसारा: अ 1.6 मिमी, ब 1.8, क 2.3, ड 4.4.

अ आणि ब यांच्यातील फरकाला काही अर्थ नाही. ब चेच पाच ग्रुप 1.2 पासून 2.5 पर्यंत पसरले होते; अ चे तसेच. एकेक ग्रुप पाहून निवड करणाऱ्याला ब चा 1.2 चा ग्रुप मिळाला असता तर त्याने अ फेकून दिले असते आणि उलट झाले असते तर ब. आपल्याकडे सर्रास पाच फैरींचा एक ग्रुप मारून पेलेट ठरवले जाते, त्यात तर हा गोंधळ आणखी वाढतो. क बद्दल थोडी शंका ठेवायला जागा आहे. ड बद्दल नाही. त्याचा सर्वांत चांगला ग्रुपसुद्धा क च्या सरासरीपेक्षा मोठा होता. दहा फैरींचा पसारा ढोबळमानाने सरासरी विखुरण्याच्या तिप्पट असतो, म्हणजे ड चे विखुरणे दीड मिमी निघते, आणि 4 जूनच्या नोंदीतील आठ गुणांचे पेलेट ते हेच. डबा सर्वांत स्वस्त होता, आणि नवशिक्यांच्या हातात सर्वाधिक तोच दिसतो.

20 जुलै, रविवार

ब हे पेलेट डोक्याच्या तीन मापांत मिळते: 4.49, 4.50 आणि 4.51 मिमी. माप डब्यावर छापलेले असते आणि दुकानदाराकडे आग्रह धरला तर हवे ते मिळते; आग्रह न धरल्यास जे पडून आहे ते मिळते.

पसारा: 4.49 चा 1.7, 4.50 चा 1.8, 4.51 चा 2.6. शंभरांश मिमीच्या फरकाने पेलेट बदलल्यासारखा निकाल यावा हे टूलरूममधील माणसाला नवे नाही, पण 4.51 भरताना अंगठ्यालाही फरक जाणवत होता. ते खोबणीत किंचित अडकून मग बसे. याचा अर्थ 4.51 वाईट आहे असा नाही. जास्त झिजलेल्या किंवा मुळातच सैल नळीत तेच चांगले चालू शकते. क्लबमधील दुसऱ्या रायफलीवर हा निकाल लादायचा नाही, हे भिंतीवरील कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे.

27 जुलै, रविवार

वजनाचा प्रश्न. गटातील दोन पालक पेलेट्स तोलून त्यांच्या वेगवेगळ्या डब्या करतात आणि त्यात संध्याकाळी घालवतात, म्हणून हेही पाहिले.

घरात 0.01 ग्रॅमचा काटा होता. अर्ध्या ग्रॅमच्या वस्तूतील फरक त्यावर दिसतच नाही. डबाभर पेलेट्स 0.53 किंवा 0.54 दाखवतात. 0.001 ग्रॅमचा काटा 1,900 रुपयांना आणला. त्यावर पंखा बंद करून, खिडकी लावून तोलावे लागते आणि दर थोड्या वेळाने शून्य सरकते. ब च्या 4.49 मधील शंभर पेलेट्स तोलल्या तर बहुतेक 0.528 आणि 0.534 च्या मध्ये निघाल्या, म्हणजे साधारण एक टक्क्याचा फरक. ऊर्जा तीच राहिली तर वजनातील एका टक्क्याने वेग अर्धा टक्का बदलतो, आणि 6 जुलैच्या हिशेबाने मार 0.18 मिमी वर-खाली होतो. दशांश गुणाची पायरी 0.25 मिमीची आहे.

तरीही हलक्या आणि जड पेलेट्सचे वेगळे ग्रुप मारून पाहिले. दोन्हींचे मध्यबिंदू कार्डावर डोळ्यांना वेगळे दिसले नाहीत आणि पसाऱ्यातही फरक पडला नाही. काटा आता घरी केशर तोलण्याच्या कामी येतो.

3 ऑगस्ट, रविवार

वजनापेक्षा घेराने जास्त दगा दिला. पेलेटचा मागचा पोकळ घेर हवेच्या दाबाने नळीला बसतो आणि हवा अडवतो. तो चेपलेला असेल तर एका बाजूने हवा निसटते. कुरिअरने आलेल्या एका डब्यात फोम नव्हता आणि वरच्या थरातील पुष्कळ पेलेट्सचे घेर अंडाकृती झाले होते. त्यातील दहा मुद्दाम मारून पाहिल्या: पसारा 4.1 मिमी. त्याच डब्यातील न चेपलेल्या दहा: 1.9.

निवडण्याची सोपी रीत अशी, की काचेची पट्टी किंचित तिरकी ठेवून तिच्यावरून पेलेट घरंगळत सोडायचे. डोके आणि घेर यांच्या व्यासात फरक असल्याने चांगली पेलेट्स सारख्याच वळणाने खाली येतात. चेपलेले पेलेट डोलते किंवा वळण सोडते. डबाभर पेलेट्स तासाभरात होतात, आणि तोलण्यापेक्षा हे काम मुलांनाही करता येते. मात्र त्यांनी त्यानंतर साबणाने हात धुतलेच पाहिजेत. हे शिसे आहे, आणि पेलेट ओठांत धरण्याची सवय एखाद्या मुलाला असली तर ती त्याच दिवशी मोडायला हवी. डबा हातावर उपडा करण्याऐवजी सपाट ट्रेमध्ये एकेरी थर पसरून घेतल्यास निम्मे चेपणे आपोआप टळते.

17 ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडीमुळे ठाण्यात बाहेर पडण्याची सोय नव्हती, म्हणून काम आज.

खरेदीपूर्वी अखेरची तपासणी. ब चे 4.49 माप घ्यायचे ठरले होते, अ पेक्षा थोडे स्वस्त आणि निकालात तेवढेच. परंतु दुकानात जो नवा माल आला त्याच्या डब्यावर लॉटचा वेगळा क्रमांक होता. एक डबा आणून पुन्हा क्लॅम्प लावला. पाच ग्रुपची सरासरी 2.4. जुन्या लॉटच्या 1.7 पेक्षा हे जास्त, पण ड च्या जवळपासही नाही. .22 च्या काडतुसांसाठी नेमबाज बर्मिंगहॅमला एली या काडतूस कंपनीच्या चाचणी रेंजवर आपली रायफल घेऊन जातात आणि लॉट निवडून आणतात, ते का, हे आता आकड्यांत कळले. 630 मारणारा नेमबाज हा लॉट परत करेल. 580 वाल्या आमच्या मुलांना त्याने साठ फैरींत साधारण एका गुणाचा फरक पडेल, आणि तोही सरासरीत.

सरांशी बोलून असे ठरले: गटासाठी ब चे 4.49 माप, पण दुकानदाराकडून जुन्या लॉटचे जे आठ डबे अजून मिळू शकतात ते आधी घ्यायचे आणि फक्त स्पर्धेसाठी ठेवायचे; नव्या लॉटचे सरावासाठी. स्पर्धेच्या आठवड्यात लॉट बदलायचा नाही, कारण मध्यबिंदूही जवळपास एक मिमी सरकलेला दिसला आणि साइटच्या (नेम धरण्याच्या भागाच्या) क्लिका फिरवाव्या लागल्या. डब्यांचे झाकण चिकटपट्टीने बंद करून, सिलिका जेलसह प्लास्टिकच्या हवाबंद डब्यात ठेवले आहेत. गेल्या पावसाळ्यात लाकडी कपाटात राहिलेल्या पेलेट्सवर पांढरी भुकटी आली होती. तशा पेलेट्स पुसून वापरायच्या नाहीत, टाकायच्या, आणि टाकायच्या म्हणजे कचऱ्यात नव्हे तर गोळा केलेल्या शिशाबरोबर भंगारात.

आतापर्यंतचा खर्च: चॅनल आणि प्लेट 1,150, वेल्डिंग आणि भोके 900, अँकर बोल्ट वगैरे 260, नायलॉनचा ठोकळा 450, ॲल्युमिनियमचा ठोकळा 2,400, वजनकाटा 1,900, चाचणीच्या पेलेट्सचे सहा डबे 5,400, एकूण 12,460 रुपये. आजचा सातवा डबा क्लबने घेतला. नायलॉन आणि काटा यांचे 2,350 रुपये दुसऱ्या कोणाला वाचवता येतील. वेळ मात्र पहिल्या महिन्यात क्लॅम्पनेच खाल्ला. पेलेट्सची खरी चाचणी 13 जुलैपर्यंत सुरूच झाली नव्हती.

रायफलीला स्टॉक चढवून ती सरांच्या ताब्यात दिली. बोल्ट पूर्वीच्याच भोकांत आणि पूर्वीच्याच टॉर्कवर. क्लबची डावखुऱ्या मुलांसाठीची दुसरी रायफल गणपतीनंतर क्लॅम्पवर घ्यायची आहे. तिच्या ॲक्शनचे बोल्ट वेगळ्या अंतरावर असल्याने ठोकळ्यात आणखी दोन भोके पाडून घ्यावी लागतील, आणि वर्कशॉपच्या काकांनी ठोकळा त्याआधी आठवडाभर त्यांच्याकडे ठेवायला सांगितला आहे.